जागा आपली, वेळ त्यांची : एका स्टाफ नर्सच्या ऑनलाइन पदवीचं प्रकरण

पहिल्या मोठ्या पेपरात तिला १०० पैकी ५८ पडले. पास व्हायला ७५ हवे होते. त्या रात्री तिने मला फोन केला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, मग नऊ वर्षं मी करत काय होते?"

मी तिची एकेकाळची इनचार्ज. पुढे वॉर्ड सोडून विद्यार्थ्यांना क्लिनिकल, म्हणजे रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष काम, शिकवायला लागले, म्हणून तिने फोन मला केला असावा. तिचं नाव, गाव, संस्था इथे मुद्दाम गाळली आहे. सांगायचं आहे ते तिच्या प्रश्नाबद्दल, कारण नोकरी सांभाळून ऑनलाइन नर्सिंग पदवीला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीला तो कधी ना कधी पडतो.

परिस्थिती थोडक्यात अशी. वय चौतीस, नर्सिंगचा डिप्लोमा, नोंदणी चालू, सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात. घरी सहा वर्षांचा मुलगा. बढतीच्या यादीत पदवीधर पुढे जायला लागल्या आणि हिचं नाव तिथेच अडकलं, तेव्हा तिने डिप्लोमावाल्यांसाठीच्या ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतला. एक गोष्ट तिने नीट केली होती: पैसे भरण्याआधी नोंदणी परिषदेकडून लेखी खात्री करून घेतली की ही पदवी मान्य आहे. हे अनेकजणी प्रवेश झाल्यावर करतात. शिवाय ज्यांच्याकडे नोंदणीच नाही, त्यांनी नर्सिंगची पहिली पदवी पूर्णपणे स्क्रीनवर मिळेल अशी आशा धरू नये. सलाइन लावायला हात लागतो आणि तो हात कुणीतरी शेजारी उभं राहून बघावा लागतो.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, "तुमच्या सोयीच्या वेळी शिका." वाक्य खोटं नाही. व्याख्यानं रेकॉर्ड केलेली होती, पहाटे तीनला ऐकली तरी चालणार होतं. तिने त्याचा अर्थ लावला की अभ्यासाला वेळ कमी लागेल. माझ्या मते अर्धी पडझड इथेच ठरली. कुठे बसायचं हे तुमच्या हातात असतं. किती तास बसायचं आणि कोणत्या मिनिटाला काम जमा करायचं, हे त्यांच्या हातात.

हिशेब तिने प्रवेशाआधी मांडायला हवा होता, तो आम्ही सहाव्या आठवड्यात मांडला. क्रेडिट म्हणजे तास. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास स्वतःचा अभ्यास, असं साधारण पंधरा आठवडे, म्हणजे ४५ तास. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास, 'इग्नू'त ३०. क्रेडिट कुठल्याही मापाचं असो, गुणाकार केल्याशिवाय सुटका नाही. हिचे विषय अमेरिकी मापाचे, प्रत्येकी ३ क्रेडिटचे, आणि सत्र फक्त आठ आठवड्यांचं. ४५ गुणिले ३ म्हणजे १३५ तास, भागिले ८ म्हणजे आठवड्याला जवळपास १७. तिने एकदम दोन विषय घेतले होते: रोगशरीरशास्त्र (पॅथोफिजिऑलॉजी, म्हणजे आजारात शरीरात काय बिघडतं ते) आणि संशोधनाची ओळख. म्हणजे ३४ तास.

आठवड्याचे १६८ तास. ड्युटी ४८. झोप रोज सात धरली तर ४९. अभ्यास ३४. उरले ३७, त्यात येणं-जाणं, मूल, घर. कागदावर बसतं की! बसत नाही ते वेगळ्याच कारणाने. नाइट करून आलेल्या बाईचा सकाळी दहाचा तास हा तास नसतो. ती पुस्तक उघडून बसते, पिवळा मार्कर फिरवते, आणि दुपारी उठल्यावर कळतं की अख्खं पान पिवळं झालंय आणि डोक्यात काहीच नाही. तिच्या पुस्तकात सगळंच महत्त्वाचं ठरलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय.

आता ते ५८. तिने चुकलेला एक प्रश्न आठवून मला सांगितला. तो इथे जसाच्या तसा मांडते, कारण तिच्या "मी काय करत होते" याचं उत्तर त्यात आहे.

मधुमेही कीटोॲसिडोसिसचा (इन्सुलिनअभावी रक्त आम्ल होण्याच्या अवस्थेचा) रुग्ण. रक्तातलं पोटॅशियम ५.४. इन्सुलिनची ड्रिप नुकतीच सुरू केली. येत्या काही तासांत नर्सने सर्वांत जास्त कशावर नजर ठेवावी?

पर्यायांत पोटॅशियम आणखी वाढणं होतं, पोटॅशियम उतरणंही होतं. साधारण मर्यादा ३.५ ते ५.०, इथे ५.४, म्हणून तिने "वाढणं" निवडलं. चूक. गंमत अशी की प्रत्यक्षात असे रुग्ण तिने कितीतरी सांभाळले होते, आणि ड्रिप चालू असताना पोटॅशियम क्लोराइड मिसळलेली बाटलीही तिनेच लावली होती.

"मग बाटली कशाला लावायचीस?" मी विचारलं.

"डॉक्टर लिहायचे म्हणून."

हाताला माहीत होतं, पण हाताने डोक्याला कधी सांगितलंच नव्हतं. इन्सुलिन नसलं आणि रक्त आम्ल झालं की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर रक्तात येतं, आणि तिथून लघवीवाटे वाहून जातं. म्हणजे रक्तात आकडा चढलेला दिसतो, पण शरीराचं कोठार रिकामं होत असतं. इन्सुलिन दिलं की पोटॅशियम परत पेशींत ढकललं जातं आणि रक्तातला आकडा झपाट्याने उतरतो. हृदयाची लय बिघडते ती तिथे. म्हणून तर पोटॅशियम आधीच फार कमी असेल तर इन्सुलिन थांबवून ते आधी भरतात. तिने हे ऐकलं आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दर दोन-चार तासांनी रक्त का पाठवायचो, ते हे."

कठीण नर्सिंग पदवीत बहुतेक प्रश्न असेच असतात. व्याख्या विचारत नाहीत, चारही पर्याय थोडेथोडे बरोबर वाटतात, आणि त्यातलं आधी काय हे ठरवायचं असतं. सर्वांत छळणारा प्रकार "लागू असतील ते सर्व निवडा". सहापैकी चार बरोबर, तुम्ही तीन टिपले, आणि तिच्या अभ्यासक्रमात अर्ध्या उत्तराला अर्धे गुण नव्हते, म्हणजे शून्य. अनुभवी नर्सला याचा जास्त त्रास होतो असं माझं निरीक्षण आहे. नवी मुलगी पुस्तकात होतं ते लिहून मोकळी होते. जुनी मनातल्या मनात आपल्या वॉर्डात जाते, तिथे सर काय म्हणाले असते ते आठवते आणि तेच निवडते.

अभ्यासाची पद्धत बदलली, ती मार्कर काढून घेण्यापासून. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. तिचं बिंग यात फुटलं, कारण पानं पिवळी करताना तिला सगळं येतंय असं वाटायचं, आणि पेपर आठवड्याने असायचा. मग नियम ठरला: एक पान वाचायचं, वही उघडायची, पुस्तक मिटायचं, आणि "का" लिहायचं. काय करतात ते नाही. का करतात. वॉर्डातून येताना त्या दिवशीचा एक रुग्ण डोक्यात घेऊन यायचं आणि त्याला दिलेल्या प्रत्येक औषधाचं कारण लिहायचं. पहिल्या आठवड्यात तिला एका रुग्णाला दीड तास लागला.

दुसरा निर्णय तिला पचायला जड गेला. संशोधनाचा विषय सोडायचा. अशा अभ्यासक्रमांत दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात: फी परत मिळण्याची शेवटची, आणि नापासाचा शिक्का न बसता माघार घेण्याची शेवटची. पहिली निघून गेली होती, दुसरीला चार दिवस होते. गुणपत्रिकेवर माघारीची खूण राहिली, पण सरासरी वाचली. ती दोन दिवस रडली. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की त्या सत्रातलं तिचं सर्वांत शहाणपणाचं काम तेच. रोगशरीरशास्त्रात ती शेवटी ७७वर निघाली.

पुढच्या सत्रात औषधांच्या हिशेबाची चाचणी होती. तिला वाटलं, हे तर आपलं घर. पास व्हायला ९० टक्के हवे, संधी तीन. एक गणित असं: हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) २५,००० युनिट २५० मिलीमध्ये, रुग्णाचं वजन ७० किलो, आदेश ताशी किलोमागे १८ युनिट. पंप किती मिलीवर लावाल? एका मिलीत १०० युनिट, तासाला १,२६० युनिट, म्हणजे १२.६ मिली. तिने पद्धत बरोबर केली आणि उत्तर लिहिलं १३. गेले गुण. "वॉर्डात दशांश कोण बघतं," ती चिडून म्हणाली. पंप बघतो, मी म्हटलं. दुसऱ्या एका गणितात तिचं उत्तर २ हे बरोबर होतं, पण तिने २.० लिहिलं, तेही चूक धरलं गेलं. हे तिला छळ वाटलं. खरं तर अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४मध्ये वापरू नयेत अशा लेखनखुणांची जी यादी केली, त्यात हा मागचा शून्य आहे. टिंब पुसट झालं की २.०चे २० होतात. त्याच यादीत नुसतं टिंब देऊन .५ लिहिणंही आहे. ०.५ लिहावं. पहिल्या संधीला तिचे ८० आले, दुसऱ्याला ९६.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर. आधी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायची, टेबलाखालचंही. तिला ओठ हलवत वाचायची सवय. नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने तेवढ्यावरून संशयाची खूण केली आणि तिला संस्थेला खुलासा पाठवावा लागला. प्रकरण मिटलं, पण पुढचे पेपर तिने तोंड घट्ट मिटून दिले, आणि ती सांगते की त्याने डोकं जास्त दुखायचं. मुलाला त्या दोन तासांत बहिणीकडे सोडायची, कारण दार उघडून तो आत आला असता तर आणखी एक खुलासा.

लिखाणाचं कुणी आधी सांगत नाही. नर्सिंगची पदवी म्हणजे इंजेक्शनं आणि औषधं असं घरच्यांना वाटतं, प्रत्यक्षात निम्मी पदवी लिहिण्यात जाते. दर आठवड्याला चर्चेची एक पोस्ट बुधवारपर्यंत, दोन सहाध्यायींना उत्तरं रविवारी रात्री ११:५९पर्यंत. तिने पहिल्यांदा उत्तरात लिहिलं, "छान मांडलंय, मी सहमत आहे." शून्य. उत्तरातही मुद्दा हवा, संदर्भ हवा, तोही एपीए या संदर्भलेखनाच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीच्या नियमाने. आणि ते ११:५९ संस्थेच्या घड्याळाचे. तिच्या घरी ११:२० झाले होते, तिकडे १२:२०. एकवीस मिनिटांच्या उशिराला दहा टक्के गुण कापले. त्यानंतर तिने भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं. मुलगा त्याला "आईच्या शाळेचं घड्याळ" म्हणतो.

पहिल्या निबंधात दुसऱ्यांच्या छापील मजकुराशी साम्य ३४ टक्के निघालं. तिने चोरी केली नव्हती. प्रत्येक वाक्यापुढे संदर्भ दिला होता, पण वाक्य पुस्तकातलंच उचललं होतं. आपल्या शब्दांत मांडायचं म्हणजे काही शब्द इकडचे तिकडे करायचे नसतात. पुस्तक मिटून मुद्दा सांगता येईपर्यंत थांबायचं असतं, म्हणजे पुन्हा तेच, आठवून लिहिणं.

एका निबंधाचा किस्सा मला फार आवडतो. पदवी का घ्यावी यावर तिने लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००३चा अभ्यास दिला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांत त्यांना असं दिसलं की पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्के जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ५ टक्के कमी होती. तिने उत्साहाने लिहिलं, "म्हणजे मी पदवी घेतल्याने मृत्यू कमी होतील." शिक्षिकेने समासात लिहिलं, "दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. अशा रुग्णालयांत आणखी काय वेगळं असू शकेल?" संशोधकांनी कर्मचारीसंख्या आणि अनुभव वगैरे हिशेबात धरले होते, तरी हा प्रश्न उरतोच. सोडलेला संशोधनाचा विषय पुढे तिने पुन्हा घेतला तो या एका ओळीमुळे, असं ती सांगते.

आता क्लिनिकल. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण ऑनलाइन पदवीत अडकतात त्या बहुतेक इथे अडकतात, आणि त्यात हुशारीचा काही संबंध नसतो.

तिच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे ९० तास होते, सामुदायिक आरोग्य आणि नेतृत्व मिळून. तिला वाटलं होतं, आपण रोज वॉर्डातच असतो, त्यातलेच मोजतील. मोजले नाहीत. पगार घेत असलेल्या ड्युटीचे तास चालत नाहीत, स्वतःचा वॉर्ड चालत नाही, स्वतःची वरिष्ठ प्रिसेप्टर, म्हणजे त्या तासांत शेजारी राहून शिकवणारी आणि सही करणारी नर्स, म्हणून चालत नाही. मीही चालले नाही, जुनी ओळख म्हणून. प्रिसेप्टर पदवीधर हवी, काही वर्षं अनुभवी हवी, आणि हे काम करायला तयार हवी. शोधायची विद्यार्थिनीनेच. संस्था एक यादी देते, ती बहुधा जुनी असते.

तिने सात ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणांहून उत्तरच नाही. तीन ठिकाणी आधीच दुसऱ्या विद्यार्थिनी. एकीने होकार दिला, पण तिच्या रुग्णालयाचा आणि या संस्थेचा करार नव्हता. सातवी जमली. मग कागद. हिपॅटायटिस बीची प्रतिकारपातळी, क्षयाची तपासणी, लसींच्या नोंदी, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाचं) प्रमाणपत्र. तिचं बीएलएस दोन वर्षांची मुदत संपून तीन आठवडे झाले होते. ते पुन्हा केलं. दोन संस्थांमधल्या कराराला अकरा आठवडे लागले, आणि सत्र होतं आठ आठवड्यांचं. म्हणजे विषय पुढच्या सत्रात ढकलला गेला. यात तिची एकच चूक: शोध विषय सुरू झाल्यावर घेतला. मी आता जिला कुणाला ऐकायचं असेल तिला सांगते की प्रिसेप्टरचा शोध प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात सुरू करायचा.

तिने मधेच विचारलं होतं, सिम्युलेशनवर, म्हणजे खऱ्या रुग्णाऐवजी पुतळ्यावर किंवा बनवलेल्या प्रसंगावर सराव करून, तास भरून घेता येणार नाहीत का? प्रश्न वेडगळ नव्हता. अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नोंदणीपूर्व विद्यार्थ्यांचे निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास चांगल्या सिम्युलेशनने भरले तरी शेवटच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नव्हता. पण ते तास प्रशिक्षित शिक्षक आणि नंतरची सविस्तर चर्चा यांसह होते, घरी एकटीने माउस दाबण्याचे नव्हते. तिच्या संस्थेने या विषयासाठी नाही म्हटलं. मला ते पटलं, तिला नाही.

प्रत्यक्ष तास मात्र तिला आवडले. घरोघरी जाऊन मधुमेहाच्या रुग्णांची पावलं तपासताना एका आजोबांनी तिला विचारलं की इन्सुलिन घेतल्यावर चक्कर का येते. तिने जमिनीवर बसून त्यांना साखर पेशीत कशी जाते ते सांगितलं, घरातल्या दाराचं उदाहरण देऊन. प्रिसेप्टरने त्या दिवसाच्या नोंदीत एकच शब्द लिहिला, "स्पष्ट". वर्षभरापूर्वी हीच बाई "डॉक्टर लिहायचे म्हणून" म्हणाली होती.

आज स्थिती अशी. एका वेळी एकच विषय, हे तिने शेवटपर्यंत पाळलं, त्यामुळे ठरल्यापेक्षा अकरा महिने जास्त लागले. लेखी विषय सगळे संपले, संशोधनाच्या विषयात ८८. बढतीची एक फेरी मधे निघून गेली. क्लिनिकलचे ७२ तास झाले आणि प्रिसेप्टरची बदली झाली. उरले १८. दुसरी मिळाली आहे, तिची सही झाली, संस्थेची यायची आहे. १८ तास म्हणजे सहा-सहाचे तीन दिवस. तेवढ्या रजेचा अर्ज तिने भरून ठेवलाय, तारीख कोरी सोडून.